बोटांतला जोर

वर्तकनगरच्या टिपणिसांनी नोकरी सांभाळून चार वर्षं खपून सूर वाजवायची एक छोटी पेटी बनवली. तिला वायर नव्हती आणि सेलही लागणार नव्हता. पट्टी दाबली की त्या दाबातूनच वीज तयार व्हावी आणि सूर समोरच्या रेडिओतून ऐकू यावा, असा बेत होता. पण १९८९ साली कॉलनीतल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती वीज पुरेना, तेव्हा त्यांनी आत गुपचूप एक सेल बसवला.

प्रदर्शनाला कळव्याच्या सगुणाबाई आल्या. कोळ्यांच्या लग्नांत गाणी म्हणणाऱ्या या म्हातारीला दिसत नव्हतं. ही पेटी नुसत्या बोटांच्या जोरावर वाजते, असं टिपणिसांनी सगळ्यांना सांगितलं. सगुणाबाईंनी पट्ट्या दाबल्या, रेडिओ वाजू लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भरात टिपणिसांनी पेटी आणि रेडिओ त्यांनाच देऊन टाकला. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

तीन महिन्यांनी ते त्यांच्या घरी गेले. पेटी फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"बंद पडली का?"

"पेटी चांगली हाय, दादा. माझ्याच बोटांत जोर नाय राहिला. लग्नाला जायाचं पन सोडलं मी."

सगुणाबाईंना आपला चेहरा दिसत नाही याचं टिपणिसांना बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची जास्तच लाज वाटली.

"सगुणाबाई, जोर आहे तुमच्या बोटांत. आत सेल होता, तो संपला. मी सगळ्यांशी खोटं बोललो."

सगुणाबाईंनी आपली बोटं चाचपून पाहिली.

"मंग महिनाभर रोज या बोटांना तेल कशाला चोलते मी?"