तिघींमधली तिसरी

"ए लिझेल, तूच काढ ना फोटो. तुझा हात हलत नाही," डेसा म्हणाली आणि तिने फोन लिझेलच्या हातात कोंबला.

समोर डेसा आणि मेर्ली गळ्यात गळे घालून उभ्या राहिल्या. मागे निळंशार पाणी, पायाखाली पांढरी वाळू, सावलीला एक झाड नाही.

"अगं, तूही ये," मेर्ली म्हणाली. "नावाडीदादा काढतील."

"नको. मला फोटो आवडत नाहीत."

हे धडधडीत खोटं होतं. लिझेलच्या फोनमध्ये तिच्या स्वतःच्या तोंडाशिवाय दुसरं काही नव्हतं.

परवापर्यंत हीच डेसा तिची होती. अख्खी तिची! लिझेल आयुष्यात पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली होती. कामिगिन बेटावर आली आणि पहिल्याच सकाळी अडकली, कारण इथे होडी अख्खीच भाड्याने घ्यावी लागते. एकट्याने घ्यायची तर परतीच्या तिकिटाच्या पैशांना हात घालावा लागतो. म्हणून एकटे आलेले लोक किनाऱ्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. लिझेलही तशीच उभी होती, लग्नाच्या मांडवात कुणी ओळखीचं नसल्यासारखी.

"एकटीच? चल, मी पण एकटीच," डेसा म्हणाली.

झालं! एक होडी, एक भाड्याची मोटरसायकल, दोघींत एक नारळ. पुढे बोहोल बेटावरही बरोबरच जायचं ठरलं. लिझेलने आईला फोन करून सांगूनही टाकलं, "मला इथे बहीण मिळाली."

आणि काल मेर्ली उगवली. दावाव शहरातली नर्स, वयाने मोठी, तीही एकटीच. मुक्कामाच्या खोलीत लिझेलच्या वरच्याच पलंगावर. डेसाने लगेच सुरू केलं, "आते मेर्ली, आते मेर्ली." आते म्हणजे ताई. ओळख होऊन भात शिजेल एवढा वेळ नाही झाला, आणि म्हणे ताई! लिझेल तिला नुसतं मेर्ली म्हणायची, तेही दात आवळून.

मेर्लीचं सगळंच तिला खुपायचं. मेर्ली लान्सोनेसचा घोस घेऊन बसली, एकेक फळ सोललं, कडू बी काढून टाकलं, आणि पहिलं लिझेलपुढे धरलं. "पोट भरलंय माझं," लिझेल म्हणाली. तेवढ्यात पोटाने गुर्र केलं. डेसाने ते फळ मधल्यामध्ये उचलून तोंडात टाकलं. होडीत मेर्लीने छत्री उघडली ती लिझेलच्या डोक्यावर. ऐट बघा, लिझेलला वाटलं, जशी काही मी हिची पेशंट! डेसाने मात्र लिझेलची उन्हाची क्रीम हक्काने मागून घेतली आणि ट्यूब पिळून पिळून संपवली. तेव्हा कुठे लिझेलला बरं वाटलं. आपल्या माणसाकडेच असं मागतात ना!

दुपारी तिघी बंदराजवळच्या खाणावळीत जेवायला बसल्या. गरम भात आणि सुरोल, नारळाच्या दुधातली कोंबडी. लिझेल भात नुसता चिवडत होती.

"डेसा, बोहोलचं काय मग?"

"बघू गं," डेसा फोनवरून नजर न काढता म्हणाली. "आते आहे तोवर मी इथेच राहीन म्हणते. हिच्याबरोबर मजा येते."

"माझ्यासाठी थांबू नका हं," मेर्ली म्हणाली. "तुमचं आधी ठरलंय ना?"

माझ्यासाठी! काय तोरा!

"मग मी आजच जाते," ती म्हणाली. "आत्ताची बोट मिळेल."

जायचं कुणाला होतं? हे ऐकून डेसाने चमचा टाकावा, हात धरावा, "वेडी आहेस का, थांब, मीही येते," असं म्हणावं, एवढ्यासाठीच ती बोलली होती. मनातल्या मनात तिने डेसाची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

"आत्ता? बरं," डेसा म्हणाली. "पोचलीस की मेसेज टाक. आणि ऐक ना, ती तुझी पॉवर बँक राहू दे माझ्याकडे."

"ताटात अर्धा भात आहे," मेर्ली म्हणाली. "जेवून तरी जा गं."

"तुला कुणी विचारलं का, मेर्ली?"

शेजारच्या टेबलावरचे कोळी बोलायचे थांबले. आता मागे फिरायची सोय उरली नाही. लिझेलने सॅक पाठीला लावली. बाहेर तीनचाकीवाला हॉर्न वाजवत होता.

दारात तिचे पाय अडले.

जेवण चालू असताना कुणी मधूनच प्रवासाला उठलं, तर बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी एकदा फिरवायचं असतं. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. घरी लिझेल अर्ध्यातून उठून शाळेला पळाली तरी आई फिरवायची. एवढं तर डेसा करेलच. एवढं जरी केलं, तरी मी परवा तिची होते तशीच आहे. लिझेल चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करत उभी राहिली. कान मागे.

लाकडावर ताट सरकल्याचा आवाज आला.

ती गर्रकन वळली. डोळे भरून आले होते, ओठांवर हसू तयार होतं.

डेसा फोनमध्ये मान घालून कोंबडीचं हाड चोखत होती. मेर्लीचं स्वतःचं ताट फिरवून झालं होतं, आणि आता ती हात लांबवून, रस्सा सांडू न देता, डेसाचं फिरवत होती.