दोन ठोक्यांच्या मधे

सुलाबाईच्या छातीवरून नववा स्टेथोस्कोप उचलला गेला आणि सूर्यभान सरांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "पुढचं कोण?"

पुढची राजेश्री होती.

आधीच्या नऊही जणांनी एकच सांगितलं होतं. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे जात्यासारखी घरघर ऐकू येते, झडप आखडलीय. सर मान हलवत आणि वहीवर सही करत. फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर वॉर्डातल्या प्रत्येक कामाची या वहीत सही लागे. सही नाही, तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. राजेश्रीचे सहा महिने एकदा असेच वाया गेले होते. तेव्हा सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'कान तयार नाही.'

ते तिला फार लागलं होतं. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली पोर ती. अंथरुणात डोळे मिटून सांगायची, ही मालगाडी भरलेली, ही रिकामी. रुळांवरच्या कामावरून आलेले बाबा म्हणायचे, बरोबर.

सुलाबाईला या दवाखान्यात सगळे नावानं ओळखत. वालूरची बाई. दर वर्षी परीक्षेच्या दिवशी तिला बोलावणं जाई, एसटीनं ती येई, खाटेवर निजे आणि पोरं तिचं काळीज ऐकून पास होत. वरच्या वर्गाकडून आलेल्या टिपणांत तिच्यावर अर्धं पान होतं : 'डाव्या कुशीवर व्हायला सांगू नका, ती आपणच वळते. अडलात तर आजाराचं नावसुद्धा हळूच सांगते.'

आज मात्र ती आपण होऊन वळली नव्हती. पहिल्या पोरानं सांगितलं तेव्हा उजवीकडं झाली. वर्गातल्या अमृतनं हसत खांदा धरून तिला डावीकडं फिरवलं. वय झालं आता, असं वॉर्डबॉय दत्तरावमामा म्हणाला. सकाळी नोंदणीच्या खिडकीपासून तिला वॉर्डात आणून निजवणारा तोच. सरांनी फाईल उघडली, वाचली, मिटली. खाटेकडं त्यांनी फारसं पाहिलं नाही.

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी सरांनी सांगितलेलं राजेश्रीला पाठ होतं. खाटेपाशी गेलात की आधी आपलं नाव सांगा, विद्यार्थी आहे म्हणून सांगा. मग पेशंटचं नाव विचारा, फाईलवर असलं तरी विचारा. आणि जे ऐकलं तेच बोला. तुम्ही म्हणजे डॉक्टरचा दुसरा कान. कानच खोटं बोलला तर डॉक्टरनं काय करायचं?

पण नऊ जण होऊन गेले होते. नाव कुणीच विचारलं नव्हतं. सर घड्याळ बघत होते. आता 'नाव काय तुमचं' म्हणणं म्हणजे आपलं हसं करून घेणं.

ती वाकली तशी बाई हळूच बोलली, "कागद कवा मिळंल, बाई?"

परीक्षेला आल्याच्या हजेरीच्या चिठ्ठीचं विचारत असेल. राजेश्री म्हणाली, एवढं झालं की मिळंल, मावशी. मग तिनं कान दिला.

लब-डप. लब-डप. उखळात मुसळ पडावं तसे नेमके दोन ठोके, आणि मधे काहीच नाही. सडा घातलेलं कोरं अंगण. तिनं बोटभर जागा बदलली. श्वास सोडून धरायला सांगितला. बाईनं धरला. अंगण कोरंच.

मागून अमृत कुजबुजला, "कानात अजून मालगाड्याच धावायल्यात का गं?" दोघं-तिघं हसले.

सरांनी पुढं होऊन स्वतःचा स्टेथोस्कोप टेकवला. तीन-चार ठोके ऐकले. "इतकी स्पष्ट आहे," ते म्हणाले. "ऐक पुन्हा. आहे की नाही घरघर?"

तिनं पुन्हा ऐकलं. सर ऐकतात, नऊ जण ऐकतात. म्हणजे आपल्याच कानाला काही झालंय. लाल शाईतलं ते वाक्य डोळ्यांपुढं आलं. दवाखान्यात ती नेहमी पुस्तकातलं बोले, पण या वेळी तोंडातून घरचंच बाहेर पडलं.

"हाय, सर."

"कुठं?"

"दोन ठोक्यांच्या मधे. जात्यासारखी."

"आता झाला कान तयार," म्हणत सरांनी सही केली. निळ्या शाईनं.

सगळे चहाला गेले. राजेश्रीचा पाय मात्र निघेना. वही छातीशी धरून ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. बाबांचं ते 'बरोबर' आज कुठूनच ऐकू येईना. खोटं तर बोलून झालं होतं. निदान राहिलेलं तेवढं तरी करावं म्हणून ती बाईजवळ गेली.

"मावशी, मी राजेश्री. विद्यार्थी हाय. तुमचं नाव विचारायचं राहिलंच."

बाईनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "सकाळधरून तूच पहिली विचारलीस," ती म्हणाली. "बायनाबाई."

राजेश्रीची नजर फाईलवर गेली.

"ते सुलाचं हाय. माझी थोरली बहीण. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. तिच्या मरणाच्या दाखल्याला इथला कागद लागायलाय, म्हणून आले. खिडकीवर तिचं नाव सांगितलं, तर त्या मामानं आणून निजवलं. मला वाटलं, कागद द्यायची रीतच असंल तुमची." बायनाबाईनं पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. "माझ्या काळजाला तर काय बी झालेलं न्हाई, बाई."