लोकाचं लेकरू

"खिडक्यांना जाळ्या आहेत, शेगडी उंचावर आहे, ते सगळं ठीक," स्वप्ना मॅडम म्हणाल्या. "तुमची स्वतःची मुलं?"

"नाहीत."

मॅडम समोरच बसल्या होत्या, पण सुलभा बोलली ती पुढच्या दाराकडे तोंड करून, आणि गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

महिला-बालकल्याण खात्याच्या या मॅडम पाळणाघराची पाहणी करायला बरकतपुऱ्यात आल्या होत्या. शेजारच्या उषाकाकू मदतीचं निमित्त काढून आत येऊन बसल्या होत्या. सुलभा पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी कुजबुजत सांगून टाकलं, की बिचारीची कूस उजवते, पण पाळणा हलता राहत नाही. आधीची दोन्ही तान्हेपणीच गेली. गेल्या वर्षी सिकंदराबादहून इथं राहायला आली ती पोटुशीच. बाळंतपणाला नांदेडला गेली आणि रिकाम्या ओटीनं परतली. कुणी कशाला विचारावं? आता लोकांची मुलं सांभाळून मन रमवू बघते, तर रमवू दे.

आत सुलभाला सगळं ऐकू येत होतं. तिनं काही खोडून काढलं नाही.

परवानगी मिळायलाच हवी होती. सोसायटीच्या सेक्रेटरीनं बजावून ठेवलं होतं, सरकारी कागद नसेल तर पुढच्या महिन्यापासून एकही पोर जिना चढणार नाही. पोरं बंद झाली, की घरात उरणार त्या पूर्वीच्या रिकाम्या दुपारी. पंखा बंद असला तरी त्या वेळी पुढच्या दाराचा पडदा फुगायचा, सिकंदराबादच्या घरी फुगायचा तसाच. उंबऱ्याशी कुणी श्वास रोखून ऐकत उभं आहे असं वाटायचं. नवरा, संदीप, म्हणायचा, वारा आहे गं. पण दार लावायला तोही कधी एकटा जात नसे.

सतरंजीवर रेड्डींची चिमुरडी पेंगत होती. सुलभानं तिला मांडीवर घेतलं आणि थोपटत गुणगुणली,

नीज गं साळुंके, पंख हे मिटून,
दारीच्या पाहुण्या, परत जा इथून.

मॅडमचा चेहरा निवळला. अशी बाई पाळणाघराला हवी, असं त्या उषाकाकूंना म्हणाल्याही.

इतक्यात चिक्कडपल्लीहून येणाऱ्या आदित्यनं धरलेली खुर्ची सोडून पाऊल टाकलं. नुकता कुठे उभा राहायला लागला होता. तोंडावर आपटला, ओठ फुटला. रडत रडत त्यानं दोन्ही हात सुलभाकडे पसरले.

सुलभा जागची हलली नाही.

"बच्चे को उठाते नहीं क्या, अम्मा?" मॅडमचा आवाज चढला.

"लोकाचं लेकरू आहे, मॅडम," सुलभा दाराकडे बघत म्हणाली. "त्याला त्याची आई आहे. मी कोण त्याची?"

मग ती उठली. ओल्या फडक्यानं, हात लांब ठेवून, सांडलेलं पुसावं तसा तिनं त्याचा ओठ पुसला. उषाकाकूंनीच पुढे होऊन पोराला उचललं.

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकलं. एकीला अंगाई आणि दुसऱ्याला फडकं, असं चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जिथं लळा नाही तिथं पाळणाघर कशाला?

सुलभाच्या तळहातांवर नखं रुतल्याच्या खुणा लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात बँकेतून सुटून शिल्पा आली, आदित्यला न्यायला. मॅडमनी तिलाच गाठलं. पोराचा सुजलेला ओठ दाखवला, घडलं ते सांगितलं आणि विचारलं, उद्या आणणार का याला इथं?

शिल्पानं ओठ पाहिला. मग सुलभाकडे पाहिलं.

"आणीन," ती म्हणाली. "सुलभाताईंइतकं याला कुणी जपणार नाही. मी सांगते ना."

मॅडमनी एकदा सुलभाकडे, एकदा शिल्पाकडे पाहिलं.

"हौ," त्या शेवटी म्हणाल्या, "मां को भरोसा है तो मैं कौन बोलनेवाली?" आणि पेन पुन्हा बाहेर काढलं.

उषाकाकूंनी घरून साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्या नातवालाही उद्यापासून घाला यात, म्हणाल्या, दिवसभर माझं डोकं खातो मेला.

एकेक करून पोरं गेली. शेवटी आदित्यला कडेवर घेऊन शिल्पाही निघाली. सुलभा दारापर्यंत गेली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या वेळेवर आणा हो तुमचं बाळ." मग तिनं कडी लावली.

दिवेलागणीला संदीप कामावरून आला. त्यानं हातपाय धुतले आणि आवाज न करता मोरीकडचं मागचं दार उघडलं. चपला हातात धरून शिल्पा मागच्या जिन्यानं वर आली. आदित्य तिच्या खांद्यावर झोपला होता.

"घ्या, वहिनी," ती हसून पुटपुटली. "घोरतो अगदी दादासारखा."

सुलभानं त्याला छातीशी घट्ट धरलं, फुटक्या ओठावर ओठ टेकवले.

"हळू बोल," ती म्हणाली. "ते अजून पुढच्या दारात उभं असेल."