ऊन ऊन तुकडा

मरळ धरायला सटवा खरा चारा लावतच नसे. गळाला रबरी मासा अडकवून तो धरणाच्या तळाशी सोडायचा आणि झटके देत वर घ्यायचा. आज रबरी माशाच्या जागी भाकरीचा तुकडा आला. पाण्यातून येऊनही कोरडा, ऊन ऊन.

शेजारी बसलेला त्याचा मित्र परमेश्वर पहिल्यापासूनच खोडकर.

“परम्या, तूच टोचला ना बे?”

“दोरी तुझ्या हातात हाय की!”

सटवाने गळ पुन्हा सोडला, पण नजर परमेश्वरच्या हातांवर ठेवली. हात जागचे हलले नाहीत. तरी तुकडा आलाच, आता ठेचा लावलेला.

“खोटं बोलत न्हाईस, तर खाऊन दाखव.”

परमेश्वरने हसत तो गळावरून काढून तोंडात टाकला.

सटवाचा गळ काठावर रिकामा पडला होता. परमेश्वरचा गाल मात्र आतून ताणला गेला, आणि त्याचं तोंड हळूहळू पाण्याकडे ओढलं जाऊ लागलं.