तोडल्याचा पुरावा

जंगलखात्याच्या साहेबानं दिग्गी गावचं देवरान सकाळपासून हिंडून बघितलं, टोपीवर पडलेला पाला झाडला आणि एकच प्रश्न विचारला.

"तोडलंय कुठं?"

"कुठंच न्हाई," झिलू बुधवंत म्हणाला. बुधवंत म्हणजे गावचा म्होरक्या, जरा तोऱ्यातच म्हणाला. "पडलेलं उचलतो. कंद, मध, पाला, ते बी देवाला इचारून. आमच्या आज्यानं हितं कोयता लावला न्हाई, त्याच्या आज्यानं बी न्हाई."

साहेबाचं तोंड उतरलं. माणूस वाईट नव्हता. त्याला हक्क द्यायचेच होते, पण द्यायला काहीतरी सापडायला हवं. जो रान वापरतो त्याचा रानावर हक्क, असा कायदा होता, आणि वापरल्याची खूण म्हणजे तोडलेल्या झाडाचा खुंट. डोंगरापलीकडच्या गावानं निम्मं रान कापून खाल्लं होतं, त्यांना हक्क तिथल्या तिथं मिळाला. दिग्गीच्या रानात औषधाला खुंट नव्हता. म्हणजे हे रान कुणाचंच नव्हतं. म्हणजे सरकारचं.

"कुळगीला जाऊन येतो," साहेब म्हणाला. "तोवर काही दाखवता आलं तर बघा."

गावाची बाजू मांडायला खानापुराहून नारायण आला होता. कोट घालून आला होता, आणि रानात तो कोटच सगळ्यात जास्त फाटला होता. साहेबाची पाठ फिरताच त्यानं झिलूला बाजूला घेतलं.

"एक झाड तोडा, काका. कुठलं बी. वाकडं, किडकं, कडेचं. खुंट दिसला म्हंजे झालं."

"खोटं व्हईल की रं."

"खोटं कसं? खरंच तोडलेलं असणार."

"ताजं दिसंल."

"कायद्यात ताजं-शिळं काय बी लिवलेलं न्हाई."

गाव जमलं. तोडू नका असं कुणी म्हणालं नाही. रान सरकारचं झालं तर कंद गेले, मध गेला, आणि देव आत अडकून बसणार. वाद पडला तो भलत्याच गोष्टीवर. किडकं झाड कसं तोडायचं? देवाला कोंबडा द्यायचा तर लंगडा देत नाहीत. भात आलं तर पहिली लोंबी त्याची. आणि आता त्याचंच रान त्याच्यासाठी मागायचं, ते वाकडं झाड पुढं करून?

"आपुन काय त्याला फशिवतोय?" झिलूची बायको फुला म्हणाली. "द्यायचं तर बरं द्या."

नारायणानं कपाळाला हात लावला. पण गाव त्याचं नव्हतं, आणि देवही.

म्हणून त्यांनी मधला ऐनाचा वृक्ष तोडला. ज्याच्या बुडाशी देवाचा दगड होता तो. पाच माणसांच्या कवेत न मावणारा. झिलूनं नारळ फोडला, तांदूळ ठेवले आणि झाडाला विचारलं. झाड काही बोललं नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, आणि जरा जास्तच वेळ थांबला. मग पहिला घाव त्यानंच घातला, कारण बुधवंत तो होता. नंतर कुऱ्हाड खाली ठेवून तोच पहिला रडला.

झाड पडलं तेव्हा रानात एवढा उजेड शिरला की माणसं एकमेकांकडे बघेनात. देवाच्या दगडावर आजवर ऊन पडलं नव्हतं. फुला धावली आणि तिनं त्याच्यावर आपली सावली धरली.

साहेब परतला आणि खुंट बघून हरखला. वर चढून उभा राहिला. "हे झालं! आधी का नाही दाखवलंत?"

नारायणानं झिलूचा दंड धरला.

साहेबानं निकाल तिथंच दिला. हे झाड गावानं तोडलं, म्हणून हे झाड गावाचं. बाकीची तोडली नाहीत, ती सरकारची.

"आणि देव?" नारायणानं विचारलं.

साहेबानं दगडाकडे बघितलं. "तो जमिनीवर आहे," तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि जमीन सरकारची."

तो घोड्यावर बसून निघाला. नारायण बोलत बोलत घोड्यामागं धावला, आणि बोलतच वळणाआड गेला. मागं उरला नागू गार्ड, त्या दिवसापासून रानाचा राखणदार.

झिलू आडव्या झाडावर टेकला.

"बसा, अज्जा. बसायला हरकत न्हाई," नागू म्हणाला. त्यालाही ते नको होतं, पण हुकूम म्हणजे हुकूम. "झाड तुमचंच हाय. पन ते पाय..."

"पायाला काय झालं?"

"जमिनीला टेकल्यात."

झिलूनं वाकून बघितलं. पाय खरंच टेकले होते. जन्मभर तिथंच टेकत आले होते. त्यानं एक उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही पोटाशी घेऊन बसला.

फुला खालीच उभी होती. तिच्यामागं सगळं गाव.

"वर ये," झिलू म्हणाला. "पोरांना बी घ्या. मोठं हाय झाड. मावंल सगळं गाव."