बूट चावतात म्हणून

दर रविवारी वेंडेलिन डोंगरावर स्की करून आला, की दगडासारखे टणक स्कीचे बूट उंबऱ्यातच ओढून काढायचा आणि नुसत्या मोज्यांनिशी बायकोला, रोझलला तुडवायचा. "बूट चावतात, मग डोकं फिरतं बिचाऱ्याचं," ती शेजारणीला सांगायची.

शेवटी तिने बूट म्हाताऱ्या कारागिराकडे नेले आणि तापवून वेंडेलिनच्या पायाच्या मापाने बेतून घेतले. म्हातारा म्हणाला, "आता बघ पोरी, पायात बूट आहेत हेच विसरेल तुझा नवरा."

त्या रविवारी वेंडेलिन शीळ घालत घरात शिरला. "काय दिवस गेला म्हणून सांगू," म्हणत त्याने सुपाचा चमचा तोंडाला लावला. सूप गार होतं.



म्हातारा खोटं बोलला नव्हता. रोझलची बरगडी मोडली तेव्हा वेंडेलिनच्या पायात बूट तसेच होते.