मिठाच्या गाडीचा बांध

मिठागराच्या शेटने सानपाड्याहून खाडीपर्यंत आगगाडी नेली, तेव्हा तिचा मातीचा बांध धोंडूबाईच्या शेताला आडवा आला. पावसाचं पाणी अडायचं आणि दरवर्षी भात उभ्याउभ्या कुजायचं. बांधाखालून एक मोरी काढा, म्हणून तिने शेटचे पाय धरले. “गाडीला धोका होईल,” म्हणत त्याने पाय सोडवून घेतले. एकसष्ट साली मिठागर बंद पडलं. श्रावणात शेवटची गाडी शेटला घेऊन सामान आणायला खाडीकडे गेली. ती दिसेनाशी होताच धोंडूबाईने नवऱ्याला घेऊन बांध खणायला घेतला. पाण्यानेच पुढचं काम केलं. रूळ अधांतरी लोंबू लागले. परतणारी गाडी पलीकडेच थांबली. शेटने उतरून विचारलं, “घरी कसा जाऊ?” “चिखलातून या,” धोंडूबाई म्हणाली. “आमी रोज येतो.” शेट कमरेएवढा रुतला. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला. धोंडूबाईने तो मागे खेचून धरला.